होकार-अधिकाऱ्याची रजा

आमच्या कार्यालयात सर्व्हरना हाताने स्पर्श करण्यास मनाई करणारं परिपत्रक निघालं, त्याच दिवशी सर्व्हरकाकांनी रजेचा अर्ज दिला. दोन्ही कागद एकाच ट्रेमधून मॅडमच्या टेबलावर गेले. परिपत्रकावर लगेच सही झाली. अर्जावर 'चर्चा करावी' असा शेरा पडला.

स्पर्शाबद्दल थोडा खुलासा केला पाहिजे. आमचे सर्व्हर मुळात आमच्याकडे नाहीतच. इस्पितळाच्या वेळा, शाळांचे प्रवेश, वाचनालयातली पुस्तकं, बसच्या फेऱ्या हे सगळं शहरातल्या लोकांना घरबसल्या मोबाइलवर मिळावं म्हणून जी यंत्रं राबतात, ती दुसऱ्याच कुणाच्या गोदामात, दुसऱ्याच गावी, भाड्याने घेतलेली आहेत. या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात. ती यंत्रं आमच्यापैकी कुणी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. तेव्हा 'हाताने' म्हणजे कळफलकावर स्वतःच्या बोटांनी, एवढाच अर्थ घ्यायचा. एखादा सर्व्हर बंद पडला की काका खुर्ची पुढे ओढत, चष्मा कपाळावर चढवत आणि दोन-चार आज्ञा टाइप करून त्याला उठवून बसवत. आपला हात जगन्नाथ, असा सगळा कारभार होता. तो बरा चालला होता, हेच त्याच्या विरोधात गेलं असावं, कारण बऱ्या चाललेल्या गोष्टीवर कुणी परिषद भरवत नाही.

मी या विभागात माहितीपुस्तिका लिहिते. एखादी गोष्ट कशी चालते ते चारचौघांना कळेल अशा भाषेत लिहून ठेवणं हे माझं काम आणि ते न वाचणं हे बाकीच्यांचं. एकदा मी एका पुस्तिकेच्या मधल्या पानावर 'हे वाचणाऱ्याने लेखिकेला चहा पाजावा' असं वाक्य घालून पाहिलं होतं. पुस्तिकेला उत्कृष्टतेचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते भिंतीवर आहे. चहा अजून यायचा आहे.

तर काकांनी सर्व्हरना टोपणनावं दिली होती. भरवशाची ती थोरली, चपळ ती धाकटी आणि अधूनमधून काही कारण न सांगता बंद पडणारी ती रुसूबाई. ही जवळीक परिपत्रकाने मोडीत काढली. 'यंत्रांचा उल्लेख यापुढे केवळ क्रमांकाने करण्यात यावा' असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. हे परिपत्रक मॅडमनी एका परिषदेहून येताना आणलं होतं. त्याच परिषदेहून त्या एक सल्लागारही घेऊन आल्या होत्या. तरुण, तरतरीत, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढणारा.

"सर," सल्लागार काकांना पहिल्याच बैठकीत म्हणाला, "सर्व्हर म्हणजे घरातलं लाडकं मांजर नाही. कागदी कप आहे. फुटला, टाकला, दुसरा घेतला."

"माझा कप मी धुऊन घरी नेतो," काका म्हणाले. "आणि कागदी कप फुटत नाही हो. फाटतो."

सल्लागाराने ही सूचना नोंदवून घेतली आणि पडद्यावर नवं साधन दाखवलं. बनवणाऱ्या कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण संध्याकाळपर्यंत सगळे त्याला मुकादम म्हणायला लागले, कारण तो स्वतः काही उचलत नव्हता, इतरांकडून उचलून घेत होता. मुकादमाचं शास्त्र सोपं होतं. एक फाईल करायची. तिचं नाव 'असावे'. आपल्याकडे काय काय असावं ते तिच्यात लिहायचं. मग मुकादम सगळीकडे फिरून काय काय आहे ते बघतो. 'असावे' आणि 'आहे' यांच्यात फरक सापडला की त्याला तफावत म्हणायचं. जे असावं पण नाही ते मुकादम उभं करतो. जे आहे पण असावं असं कुणी लिहिलेलं नाही, ते तो पाडून टाकतो. एखाद्या गोष्टीत किरकोळ बदल हवा असेल, तरी तो दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही. जुनी पाडतो, तशीच नवी उभी करतो.

"म्हणजे आता सगळं आपोआप," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. मॅडम वाईट बाई नाहीत, हे इथेच सांगून ठेवते. माणसं दमतात हे त्यांना कळतं. फक्त त्यावरचा उपाय त्या नेहमी माणसांना न विचारता शोधतात.

"मग माझ्या रजेचं तेवढं बघा," काका म्हणाले. "मुलीचं बाळंतपण आहे. पहिलंच."

"अहो काका, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं! एकदा ह्याचं बस्तान बसू द्या. मग खुशाल जा."

काकांच्या मुलीचा इतिहास कार्यालयात सर्वांना पाठ होता, कारण प्रत्येक प्रसंगी काका कार्यालयातच होते. तिच्या शाळेच्या संमेलनाला रुसूबाई बंद पडली. तिच्या निकालाच्या दिवशी थोरलीचं काहीतरी बिनसलं. तिच्या लग्नाच्या फोटोत काका पहिल्या रांगेत आहेत, मांडीवर लॅपटॉप आहे आणि नजर लॅपटॉपात आहे. आता ती दुसऱ्या गावी राहते आणि तिने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "बाबा, या वेळी नुसते या. हातात काही न घेता." काकांनी हे मला सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. या वेळी काही झालं तरी ते जाणार होते.

पहिल्या दिवशी मुकादमाने 'असावे' वाचली, सगळीकडे फेरी मारली आणि रुसूबाईला पाडून टाकलं. तिला फाईलमध्ये कुणी लिहिलंच नव्हतं. ती नेमकं काय करते हे काका सोडून कुणाला ठाऊक नव्हतं आणि काकांना कुणी विचारलं नव्हतं. दुपारी इस्पितळातून फोन आला. बाह्यरुग्ण कक्षातल्या पाटीवरचा नंबर सकाळपासून बदलत नव्हता. ज्याचा नंबर लागला होता त्या माणसाचं तपासून, औषध घेऊन, घरी जाऊन जेवूनही झालं होतं. बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघत शांतपणे बसून होते. मुकादमाच्या अहवालात मात्र त्या दिवशी 'तफावत शून्य' असं हिरव्या अक्षरांत लिहून आलं.

चौकशी झाली. मुकादमाने सांगितलं तेच केलं होतं, त्यामुळे तो निर्दोष ठरला. चूक सांगणाऱ्यांची होती. सांगणारे म्हणजे आपण सगळे, असं मॅडमनी समजूतदारपणे म्हटलं आणि आपण सगळे म्हणजे कुणीच नाही हे ध्यानात येऊन सर्वांना हायसं वाटलं. उपाय म्हणून मुकादमावर एक अट घालण्यात आली. यापुढे काहीही पाडण्यापूर्वी किंवा उभं करण्यापूर्वी त्याने आपली योजना सविस्तर दाखवायची आणि शेवटी विचारायचं, 'करू का?' जबाबदार माणसाने 'हो' असं टाइप केलं तरच पुढे जायचं.

जबाबदार माणूस म्हणून काकांची निवड बिनविरोध झाली. त्यांच्या टेबलावर 'होकार-अधिकारी' अशी पाटी आली.

आता मुकादमाची योजना ही काय चीज आहे, तेही सांगते. तो काय बदलणार आहे हे तर सांगतोच, पण काय बदलणार नाही तेही सांगतो. का बदलणार नाही तेही सांगतो. एका सर्व्हरचं वर्णन वाचताना एखाद्या स्थळाचं वर्णन वाचल्यासारखं वाटतं. उंची, बांधा, स्वभाव, मूळ गाव, सगळं. पहिली योजना काकांनी चष्मा नाकावर ठेवून शब्दन् शब्द वाचली. शेवटाशी आले आणि 'हो' म्हटलं, तर मुकादमाने उत्तर दिलं, 'आपण वाचत असताना परिस्थिती बदलली आहे. नवी योजना सादर करत आहे.' काकांनी तीही वाचली. परिस्थिती पुन्हा बदलली. संध्याकाळी मॅडमकडून सौम्य शब्दांत विचारणा आली, 'होकारास विलंब का होत आहे?'

दुसऱ्या दिवसापासून काकांनी वाचणं सोडलं. योजना आली की अंगठा सरसर वर न्यायचा, तळ गाठायचा, 'हो' लिहायचं. सोयीसाठी त्यांच्या मोबाइलवरही तेच बसवून दिलं. जेवताना हो, जिन्यात हो, दाढी करताना हो. होयबा म्हणून माणसाला हिणवतात, पण इथे तेच सरकारमान्य पद होतं आणि काकांच्या होकाराचा सरासरी वेग सल्लागाराने आपल्या अहवालात यशोगाथा म्हणून मांडला.

बाळंतपणाची तारीख जवळ आली तेव्हा काका पुन्हा मॅडमसमोर उभे राहिले.

"काका, तुम्ही गेलात तर हो कोण म्हणणार?"

"कुणीही म्हणेल, मॅडम. जिभेला हाड नसतं तसं ह्या कामाला डोकं लागत नाही."

"असं कसं? जबाबदारीचं पद आहे." मॅडमना खरंच वाईट वाटत होतं. "पूर्वी सर्व्हर बंद पडला तरच तुम्ही लागायचात. आता चालू असला तरी लागता. बघा बरं, तुमचं महत्त्व किती वाढलंय!"

काकांच्या जागी तात्पुरता दुसरा माणूस बसवायचा तर होकार कोणत्या मोबाइलवरून येणार ते 'असावे'मध्ये लिहावं लागणार होतं. ते लिहिलं की मुकादम योजना मांडणार, विचारणार 'करू का?' आणि स्वतःच्या रजेला स्वतःच होकार देणं हे काकांच्या पदाला शोभणारं नव्हतं. म्हणून एक होकार-समिती नेमली गेली. समितीने योजना एकमेकांकडे पाठवली. प्रत्येक सदस्याने 'पाहिली' असं लिहिलं, कारण आधीच्याने पाहिल्याचं त्याने पाहिलं होतं. शेवटी योजना पुन्हा अभिप्रायासाठी काकांकडे आली.

घरून काकूंचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. काकूंचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरज पडत नाही.

"अहो, विचारा तुमच्या मुकादमाला, बाळाची तारीख पुढे ढकलायची का म्हणून. डॉक्टरांना तसं कळवते. का बाळालाही अर्ज करावा लागेल?"

"येतो गं. बघतो काहीतरी."

"लग्न झाल्यापासून 'बघतो'च ऐकतेय. कधी बघून झालं म्हणून कळवलं नाहीत."

काकांनी फोन ठेवला आणि बराच वेळ पाटीवरची धूळ पुसत बसले. पाटीवर धूळ नव्हती. मला त्यांची फार दया आली आणि मुकादमाचा संताप आला. पण मुकादमावर संतापून उपयोग नाही, तो वाक्याचा शेवट आला की फक्त 'करू का?' विचारतो.

मार्ग सल्लागाराने काढला. हवेत एक नवा चौकोन काढून तो म्हणाला, "आपण यंत्रं लिहिली, पण माणसं कुठे लिहिलीत? मनुष्यबळ हेही साधनच आहे. 'असावे'मध्ये होकार-अधिकारी लिहून टाका. संख्या एक. एखादा रजेवर गेला की मुकादमाला तफावत दिसेल. तो कंत्राटी एजन्सीशी थेट जोडलेला आहे. लगेच दुसरा उभा करेल. रजा म्हणजे काही संकट नाही, ती एक तफावत आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण काकांना जायला मिळणार होतं. फाईलमध्ये लिहिलं गेलं, 'होकार-अधिकारी: एक.' अधिकारी हजर आहे हे ओळखण्यासाठी मुकादम थोड्या थोड्या वेळाने त्याला विचारणार होता, 'आहात का?' उत्तर आलं तर आहे, नाही आलं तर नाही. हा मजकूर काकांनी स्वतः लिहिला आणि त्याच्या योजनेला स्वतःच होकारही दिला. समितीला त्यात आता काही आक्षेपार्ह वाटलं नाही, कारण बैठक संपत आली होती.

काका निघाले तेव्हा अख्खा विभाग दारापर्यंत पोचवायला आला. त्यांच्या हातात एक छोटी बॅग होती, तिच्यात लॅपटॉप नव्हता. काका इतके तरुण दिसले की रखवालदाराने त्यांना ओळखपत्र विचारलं.

त्यांच्या खुर्चीची ऊब जायच्या आत मुकादमाने तफावत हेरली आणि चहाच्या वेळेआधी एजन्सीचा माणूस हजर झाला. शांत, नीटनेटका, टिफिनला इस्त्री केल्यासारखा रुमाल बांधलेला. वयाने तो आमच्यातल्या कुणाहीपेक्षा लहान होता, पण त्या टेबलावर बसणाऱ्याला काका म्हणायची सवय लागल्यामुळे सगळे त्यालाही काका म्हणू लागले. मुकादमाने पहिली योजना मांडली. नव्या काकांनी जुन्या काकांच्याच सफाईने तळ गाठला आणि लिहिलं, हो.

पुढचं मला काकूंनी सांगितलं.

इस्पितळाचा लांबलचक व्हरांडा. बाकावर काका, शेजारी काकू, समोर जावई येरझारा घालत होता. दुपार झाली होती. आत मुलगी. काकांचे दोन्ही हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते गुडघ्यांवर ठेवले होते. प्रवासभर बंद ठेवलेला आणि इस्पितळात चालू केलेला मोबाइल तेवढ्यात खिशात थरथरला. तो कार्यालयाच्या व्यवस्थेतून काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. 'आहात का?'

काकांच्या अंगठ्याने उत्तर दिलं.

"आता कुणाला हो म्हणालात?" काकूंनी विचारलं.

"ऑफिस."

"तुम्ही रजेवर आहात ना?"

"आहे गं. पण ते नुसतं आहात का विचारतंय. असलेल्या माणसाने आहे म्हणायला नको? बिचाऱ्याला काळजी वाटली असेल."

मुकादमाला काळजी वाटत नाही. त्याने मोजदाद केली. होकार-अधिकारी एक असावा, दोन आहेत. ही तफावत होती. जास्तीचा पाडून टाकायचा, आणि दोघे सारखेच असतील तर जुना पाडायचा, हा त्याचा नियम. त्याने सविस्तर योजना तयार केली आणि नवे काका तेव्हा टिफिन सोडून बसले असल्यामुळे ती हजर असलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवली. योजनेत इस्पितळाची वेळापत्रकं होती, वाचनालय होतं, बसच्या फेऱ्या होत्या, बदलणार नसलेलं सगळं होतं आणि बऱ्याच खाली कुठेतरी एक ओळ होती, 'होकार-अधिकारी (जुना): पाडणे.'

त्याच क्षणी दार उघडलं आणि नर्सने बाहेर डोकं काढलं. "आजी-आजोबा कोण? या, या, मुलगी झाली. बघायला या ना!"

काकांचा अंगठा सरसर वर गेला. तळ आला. करू का? हो. मोबाइल बाकावरच टाकून ते आत धावले.

"ह्यांच्या हातात दिलं ना तिला," काकू म्हणाल्या, "तर रडायलाच लागले. मोठ्याने. डॉक्टर म्हणाल्या, बाळाने रडायचं असतं, आजोबा, तुम्ही नाही. आणि लेक झोपल्या झोपल्या हसत होती. म्हणाली, बाबा, आलात." इतक्या दिवसांनी काकांना हाताने करायचं काम मिळालं होतं. ते त्यांनी छान केलं, असं काकू म्हणाल्या. मान कशी धरायची ते त्यांना शिकवावं लागलं नाही.

रजा संपवून काका परत आले तेव्हा दाराने त्यांचं कार्ड घेतलं नाही.

"काका, तुमचं लागत नाहीये," रखवालदार ओशाळून म्हणाला. "आणि मशीन म्हणतंय, काका आत आहेत."

मी खाली जाऊन त्यांना पाहुणे म्हणून आत आणलं. मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली, नातीचा फोटो पाहिला, मनापासून कौतुक केलं आणि मग पडदा त्यांच्याकडे वळवला.

"काका, तुम्ही पाडले गेलात."

"मी?"

"तुमचाच होकार आहे. वेळेसकट नोंद आहे, बघा."

काकांनी वेळ पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ही तर नातीची वेळ आहे," ते म्हणाले. मग हसू गेलं. "मॅडम, मी वाचलं नव्हतं हो. वाचतो का आपण कधी? निवृत्तीला थोडंच राहिलंय माझ्या. मला परत लावून घ्या. दोन आज्ञांचं काम आहे, मी करून देतो."

"हाताने?" मॅडम दचकल्या. "काका, नियम सगळ्यांना सारखा. पण आपण रीतसर करू ना. 'असावे'मध्ये तुम्हाला परत लिहू. काही अवघड नाही. मुकादम विचारेल, हो म्हणायचं. झालं!"

त्यांना खरोखर वाटलं होतं की झालं. आम्हालाही वाटलं. 'असावे'मध्ये जुने काका लिहिले गेले. मुकादमाने मोजदाद केली. संख्या एकच असल्यामुळे एक उभा करायचा तर एक पाडणं आलंच. योजना तयार झाली आणि होकार-अधिकाऱ्याकडे, म्हणजे नव्या काकांकडे गेली. सगळा विभाग त्यांच्या पाठीमागे उभा राहिला. मॅडम, सल्लागार, समिती, मी आणि सर्वांच्या मागे, हातात पाहुण्याचा बिल्ला घेऊन, जुने काका.

नव्या काकांचा अंगठा उठला, तळाकडे निघाला आणि मध्येच कुठेतरी थबकला. कशाने, ते सांगता येत नाही. ते पुन्हा वर गेले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ओठ हलत होते. इस्पितळ वाचलं, वाचनालय वाचलं, बस वाचल्या. एरवी एवढ्या वेळात परिस्थिती बदलली असती, पण त्या दिवशी परिस्थिती बदलणारे सगळे जण काम सोडून त्यांच्या मागे उभे होते. ते त्या ओळीपाशी आले. 'होकार-अधिकारी (नवा): पाडणे.' त्यांनी ती दोनदा वाचली. मग चष्मा पुसला, टिफिनचा रुमाल सरळ केला आणि 'करू का?'समोर लिहिलं, 'नाही.'

मुकादमाला हा शब्द नवा होता. तो जरा थांबला आणि म्हणाला, 'उत्तर समजले नाही. करू का?'

'नाही.'

सल्लागाराचा हवेतला चौकोन अर्धवट राहिला. आणि मागून जुन्या काकांचं हसणं ऐकू आलं. कडवट वगैरे अजिबात नव्हतं. "अहो, ह्यांनी वाचलं!" ते म्हणाले. "शेवटपर्यंत वाचलं!" ते गर्दीतून वाट काढत पुढे आले आणि त्यांनी नव्या काकांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. नवे काका कसनुसे झाले. घरी त्यांचीही कुणीतरी वाट बघत असणार, त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता. त्यांना मी दोष देत नाही. पण कानामागून येऊन तिखट झालेल्या माणसाला इतकं प्रेमाने वागवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही.

काका आता मुलीकडेच असतात. कधीतरी फोन करतात. मागून "बाबा, जरा घेता का हिला?" असं ऐकू आलं की "हो" म्हणून फोन ठेवून देतात. तेवढ्या एका होकाराआधी त्यांनी काही वाचायची गरज नाही, असं माझं मत आहे.

कार्यालयाने या प्रकरणातून धडा घेतला. योजना पूर्ण वाचल्याशिवाय होकार देऊ नये, असा ठराव मांडला गेला. ठराव बराच लांब होता. आम्ही सर्वांनी त्याला होकार दिला.

मुकादमाचं काम मात्र वाढत गेलं. यंत्रं लिहून झाली, माणसं लिहून झाली, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चालतं ते शहरातले लोक 'असावे'मध्ये अजून लिहिलेले नाहीत, हे सल्लागाराच्या लक्षात आलं. इस्पितळात नंबर लावणारे, शाळेत मुलं घालणारे, बसची वाट बघणारे. किती असावेत, कोण असावेत, कोण जास्तीचे. लोकांची परवानगी घ्यायला हवी, असा आग्रह मॅडमनी धरला, कारण त्या वाईट बाई नाहीत. त्यामुळे मागच्या आठवड्यात मुकादमाने सगळ्यांच्या मोबाइलवर सविस्तर योजना पाठवली आणि तळाशी विचारलं, 'करू का?'

होकारांचा नुसता पाऊस पडला. तुमचाही आला. मी पुस्तिका लिहिणारी बाई, मला असल्या गोष्टी बघायची खोड आहे. तुम्ही संदेश उघडला आणि तुमचा होकार आला, या दोहोंमध्ये अंगठा वर सरकवायला लागतो तेवढाच वेळ गेलेला दिसतो. तुम्ही 'असावे'मध्ये आहात की जास्तीचे ठरलात, हे मी तुम्हाला आनंदाने सांगितलं असतं. पण ते त्या संदेशातच लिहिलं होतं.